तालुक्याच्या गावी स्वतःचा पशुवैद्यकीय दवाखाना: मशीन कुठलं घ्यायचं ते नंतर बघू

डॉक्टर, (इंटर्नशिप संपायची आहे तरी डॉक्टरच म्हणते) तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलैत इंटर्नशिप संपते, वडील म्हणतात पशुधन विकास अधिकाऱ्याच्या परीक्षेला बस, मित्र एम.व्ही.एस्सी.च्या (पशुवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या) मागे आहेत, आणि तुम्हाला मात्र तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना टाकायचाय. हाताशी सहा लाख आहेत. तेवढ्यात भागेल का, आणि आधी सोनोग्राफीचं मशीन घ्यावं की एक्स-रेचं?

भागेल. आणि दोन्ही मशीनं घेऊ नका, निदान पहिली दोन वर्षं.

आता कोण सांगतंय ते सांगते. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातून मी २००४ साली बाहेर पडले. दोन वर्षं एका दूध कंपनीच्या गाडीतून गावोगाव गोठे बघत फिरले, वर्षभर एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या हाताखाली काढलं आणि २००७ पासून नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. मदतीला एक मुलगा. जनावरांत संकरित गाई जास्त, त्याखाली म्हशी-शेळ्या, आणि अलीकडे कुत्री. मध्ये एकदा एम.पी.एस.सी. दिली, मुलाखतीत राहिले. तेव्हा रडू आलं होतं. आज वाईट वाटत नाही, पण नोकरीला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही.

तुमच्या प्रश्नात पैशाचा हिशेब आहे तो मशीन, भाडं आणि फर्निचरचा. जो हिशेब नाही त्यावर दवाखाना चालतो किंवा बुडतो: तुम्ही जनावर तपासलं, विचार केला आणि सुई न टोचता परत निघालात, तर मालक तुम्हाला पैसे देईल का? आणि त्याहून अवघड म्हणजे, तुम्ही मागाल का?

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका वस्तीवरून फोन आला, "मॅडम, गाय बसलीय." गाय बसली म्हटलं की आपल्या डोक्यात आधी दुग्धज्वर येतो. व्यायलेली गाय, कान गार, मान पोटाकडे वळवलेली, कॅल्शियमची साडेचारशे मिलीची बाटली शिरेतून हळूहळू सोडायची, एक कान हृदयाकडे ठेवायचा, बाटली संपेपर्यंत गाय ढेकर देते, शेण टाकते आणि बऱ्याचदा तासाभरात उभी राहते. त्या दिवशी तुम्ही देव असता. पण ही गाय व्यायला अजून महिना होता आणि ती तीन दिवसांपूर्वी ओल्या कोब्यावर घसरली होती. मी पाऊण तास तपासलं. ताप नाही, डोळे चांगले, चारा खातेय. पाय फिरवून बघितला, गुदमार्गातून हात घालून बघितलं. खुबा निखळला होता आणि आत हाड हाडावर घासलेलं बोटांना कळत होतं. मी सांगितलं, ही गाय आता उठणार नाही, औषधावर पैसे घालवू नका, खाली भुसा टाका, कुशी बदलत राहा.

मालकानं शांतपणे विचारलं, "मग इंजेक्शन नाही दिलं?"

नाही म्हटलं. त्यानं चहा पाजला. मी पैसे मागितले नाहीत, त्यानंही विचारलं नाही. नंतर कळलं की दुसऱ्या कुणीतरी चार दिवस सलाइन आणि सुया देऊन अडीच हजार नेले, गाय गेलीच. मला राग त्या दुसऱ्या माणसाचा आला होता. खरं तर चूक माझी होती. पाऊण तास तपासून मी जो निर्णय दिला, तो फुकट असतो असं मीच त्या अख्ख्या वस्तीला शिकवून आले.

यानंतर मी जे केलं ते आणखी वाईट. पुढची दीडेक वर्षं मी प्रत्येक गोठ्यावर काहीतरी टोचायला लागले. गरज असो नसो, बी-कॉम्प्लेक्स, लिव्हर टॉनिक. म्हणजे शंभर रुपये मागायला तोंड राहायचं. तुमच्या ओळखीतल्या निम्म्या डॉक्टरांनी हे केलंय, कुणी सांगणार नाही. यात जनावराचं फारसं बिघडत नाही, आपलं बिघडतं. सवय लागली की बी-कॉम्प्लेक्सच्या जागी कधी अँटिबायोटिक येतं ते कळत नाही, आणि मग त्या गाईचं दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही हे सांगायची पंचाईत होते, कारण मुळात ते द्यायलाच नको होतं.

सुटका झाली ती एका साध्या गोष्टीनं. मी पावती पुस्तक छापून घेतलं आणि त्यात दोन रकाने केले: तपासणी आणि औषध. बस्स. पहिले सहा महिने लोक कुरकुरले. काही जण गेले. पण मी हात धुवायच्या आधी पावती लिहायला सुरुवात केली आणि हळूहळू लोक आपणहून म्हणायला लागले, "मॅडम, तपासणीचे किती?" आज दिवसा पाच किलोमीटरपर्यंत गोठ्यावर तपासणीचे तीनशे, रात्री सहाशे, दवाखान्यात आणलं तर दीडशे. तुमच्याकडे आकडा वेगळा पडेल. तो कमीच ठेवा हवं तर, पण वेगळा ठेवा, आणि पहिल्या दिवसापासून. दुसऱ्या वर्षी लावायला गेलात तर भाव वाढवला म्हणतील.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुम्ही जागा सांगितली नाही, त्यामुळे माझं सगळं तुम्हाला लागू पडेलच असं नाही. माझा पट्टा दुधाचा आहे. लाखाच्या आसपास किंमत असलेली गाय बसली तर माणूस रात्री दोनलाही फोन करतो. कोरडवाहू भागात, जिथे दोन बैल आणि चार शेळ्या, तिथे हेच गणित बसणार नाही. तिथे शेळ्यांचं लसीकरण, जंतनाशक, कळपाच्या हिशेबानं ठरवून काम करावं लागतं. पुण्या-नाशिकच्या उपनगरात टाकलात तर तो जवळजवळ दुसराच धंदा आहे. म्हणून जागा नक्की करण्याआधी पंधरा दिवस मोटारसायकल काढा आणि पंधरा किलोमीटरच्या आतली दूध संकलन केंद्रं मोजा. सकाळी सहाला केंद्रावर उभे राहा, कोण किती लिटर घालतं बघा, गाय आजारी पडली तर कुणाला बोलावता ते विचारा. एका सकाळी जेवढं कळेल तेवढं कुठल्या प्रकल्प अहवालात नसतं.

तिथेच दुसरी गोष्ट कळेल: पैसा कधी येतो. आमच्याकडे दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो. उधारीचं सगळं वेळापत्रक त्यावर. पगाराच्या दुसऱ्या दिवशी वसुलीला फोन केला तर माणूस देतो, पाचव्या दिवशी केला तर पैसे पेंडीच्या दुकानात गेलेले असतात. माझा नियम असा: औषध रोख, तपासणी पुढच्या पगारापर्यंत उधार चालेल, आणि मागची बाकी असताना नवी उधारी नाही. अडलेली गाय आणि विषबाधा याला नियम नाही, तिथे आधी जायचं.

हा नियम मी स्वतःच मोडला आहे. २०२३ च्या हिवाळ्यात गाईच्या दुधाचा भाव पंचवीस-सव्वीसवर आला. जानेवारी २०२४ मध्ये सरकारनं लिटरमागे पाच रुपये अनुदान लागू केलं, पण तोवर माझी वही फुगली होती. सोळा वर्षांची ओळख असलेल्या माणसाला कसं नाही म्हणणार? त्यातले साधारण दोन तृतीयांश परत आले. उरलेले येणार नाहीत, आणि मी विचारतही नाही. पण हे सतराव्या वर्षी परवडलं. पहिल्या वर्षी झालं असतं तर शटर खाली ओढावं लागलं असतं. म्हणून तुमच्या सहा लाखांतले सहा महिन्यांचे घरखर्चाचे पैसे वेगळ्या खात्यात टाका आणि ते खातं विसरा.

उरलेल्यात काय घ्यायचं? एक चांगला मायक्रोस्कोप. गोचीडतापाच्या दिवसांत रक्ताची काच स्वतः बघता आली तर थायलेरिया आहे की बबेसिया (गोचीडांमुळे होणारे रक्तातले दोन वेगळे परजीवी) हे तुम्हाला तिथल्या तिथे कळतं, आणि दोन्हींची औषधं वेगळी. कुत्र्यातही तेच. शिवाय मालकाला काचेतून बघायला दिलं की तपासणीच्या रकान्यावर तो कधी वाद घालत नाही. लसींसाठी फ्रिज, आणि त्याला स्वतंत्र इन्व्हर्टर, कारण दोन ते आठ अंशांच्या बाहेर गेलेली लस दिसायला अगदी तशीच दिसते. ऑटोक्लेव्ह (वाफेवर उपकरणं निर्जंतुक करायचं भांडं), प्रसूतीचे दोर आणि हूक, दोन स्टेथोस्कोप (एक गोठ्यात राहतोच). चांगली दुचाकी. औषध तुटपुंजं ठेवा, होलसेलवाला महिन्याच्या उधारीवर देतो आणि मुदत संपलेली औषधं हा नव्या दवाखान्याचा सगळ्यात गुपचूप होणारा तोटा आहे. सोनोग्राफी तिसऱ्या वर्षी, तीही तुमचा हात गाभण तपासणीत बसल्यावर. एक्स-रेला अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी लागते, तेव्हा घाईनं जुनं मशीन विकत घेऊन कोपऱ्यात ठेवू नका.

कागदपत्रांचं पटकन. नागपूरच्या राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदणी हातात आल्याशिवाय बोर्ड लावू नका. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत आपले दवाखानेही येतात, तेव्हा सुया, बाटल्या, वार (वासरामागून पडणारी झार) नेणाऱ्या संस्थेशी आधीच करार करा. उपचाराच्या सेवेवर जीएसटी नाही, पण कुत्र्यांचं खाद्य आणि पट्टे विकायला लागलात की ती दुकानदारी झाली, तिचा हिशेब वेगळा.

नोकरी आणि एम.व्ही.एस्सी.बद्दल. पशुधन विकास अधिकारी हे वर्ग-एकचं पद आहे, पगार वेळेवर येतो, आणि एका माणसाला आयुष्यात बघता येणार नाहीत इतके रोग तुम्ही मोहिमेत बघता. २०२२ ला लंपीची मोठी साथ आली तेव्हा सरकारी डॉक्टरांनी जे लसीकरण ओढलं ते आम्हा खासगीवाल्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. पण जाहिरात कधी येईल याचा भरवसा नाही. तेव्हा "नोकरी की दवाखाना" असं न करता, परीक्षेचा अभ्यास चालू ठेवून वर्षभर एखाद्या चालत्या दवाखान्यात राबा. एम.व्ही.एस्सी. दोन वर्षांची. शस्त्रक्रिया किंवा प्रजनन मनापासून आवडत असेल तर जरूर करा. त्या पदवीमुळे शेतकरी पन्नास रुपये जास्त देणार नाही, पण उलटणारी (रेतन करूनही गाभण न राहणारी) गाय तिसऱ्यांदा समोर आली की तुम्हाला दुसरं काय करायचं ते सुचेल.

हाताखाली राबा म्हणते त्याला कारण आहे. परळला बाई साकरबाई रुग्णालयात मी एका सकाळी जितकी कुत्री बघितली तितकी इथे पहिल्या तीन वर्षांत बघितली नसतील. टाके छान घालता येत होते. पण कंदिलाच्या उजेडात, चिखलात आडवं पडून, मान मागे वळलेलं वासरू ढकलून सरळ करायचं आणि मग ओढायचं, हे मला त्या ज्येष्ठ डॉक्टरांनी शिकवलं. त्यांनीच आणखी एक शिकवलं: ओढायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचं, वासरू वाचवायचं की गाय, आणि उत्तर चारचौघांसमोर घ्यायचं.

गावात आधीपासून कोण आहे, याची तुम्हाला धास्ती वाटते असं लिहिलंय. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तुमचे शत्रू नाहीत. त्यांच्याकडे लस आहे, तुमच्याकडे रात्रीची वेळ आहे. पदविकाधारक (पशुवैद्यकाची पदवी नसलेले) खासगी काम करणारे मात्र प्रत्येक गावात भेटतील. १९८४ च्या पशुवैद्यक कायद्यानं त्यांना सरकार ठरवून देईल तेवढ्याच लघुसेवा, त्याही आपल्या देखरेखीखाली करता येतात. प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्ही बघालच. मी पहिली दोन वर्षं त्यांच्याशी भांडण्यात घालवली. नंतर त्यातल्या दोघा चांगल्यांना सांगितलं, रेतन तुम्ही करा, अडलेली केस आणि तापाची केस मला कळवा. ते कळवतात. गाईला कॅल्शियम भसाभसा सोडून मारणारा तिसरा आहे, त्याच्याबद्दल मात्र मी लेखी तक्रार केली आणि वाईटपणा घेतला.

तालुक्यातल्या दुसऱ्या खासगी डॉक्टरांशी तर मी सरळ वाटणी केली आहे: एक रविवार त्यांचा, एक माझा. ज्याचा रविवार नसेल त्याचा फोन बंद. सात वर्षं झाली. त्यांची दोन-तीन घरं माझ्याकडे आली असतील, माझी त्यांच्याकडे गेली असतील. त्या बदल्यात मला माझ्या मुलीचं बारावीचं वर्ष घरात बसून बघता आलं.

कुत्र्यांबद्दल. आता माझ्याकडे दहातली चार कुत्री असतात. तालुक्याच्या गावातही लॅब्रेडॉर आणि पोमेरेनियन आले, आणि ही माणसं इंजेक्शन न देताही तपासणीचे पैसे देतात, फक्त रात्री अकराला व्हॉट्सॲपवर शीचा फोटो पाठवतात. लसीकरण ही इथली ठरलेली मिळकत: पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झालं की पहिला डोस, मग बूस्टर, तीन महिन्यांना रेबीज, मग दरवर्षी. पार्व्होच्या (उलट्या-जुलाबाच्या विषाणूजन्य रोगाच्या) पिल्लाला मात्र सलाइन लावण्याआधी पाच दिवसांचा अंदाजे खर्च लिहून द्या आणि थोडी आगाऊ रक्कम घ्या. पिल्लू गेल्यावर पैसे मागणं मला अजून जमत नाही.

आणि एक गोष्ट जिच्यापुढे वरचं सगळं दुय्यम आहे. दवाखाना उघडायच्या आधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्या, आजारी जनावर बघायच्या आधीची. २०१२ ला एका म्हशीच्या "घशात काहीतरी अडकलंय" म्हणून बोलावलं होतं. लाळ गळतेय, गिळता येत नाही. मी उघडा हात कोपरापर्यंत तोंडात घातला. काही सापडलं नाही. बाहेर काढताना अंगठ्याला दात लागला आणि त्याच क्षणी ती वेगळ्याच आवाजात रेकली. ती तिसऱ्या दिवशी गेली. मी लसीचा पूर्ण कोर्स आणि इम्युनोग्लोब्युलिन घेतलं आणि तो महिना कसा गेला ते सांगत नाही. गिळता न येणारं जनावर म्हणजे आधी रेबीज, मग बाकी सगळं. तसंच वार काढताना हातमोजे. २०१० मध्ये मला संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि सांधे धरलेले असं दोन महिने चाललं होतं. टायफॉइडची औषधं झाली, मग कुणीतरी विचारलं, तुम्ही काम काय करता? ब्रुसेला (जनावरांतून माणसाला होणारा जंतुसंसर्ग) निघाला. दीड महिना दोन-दोन अँटिबायोटिक्स खाल्ली. गाभडलेल्या गाईची वार मी उघड्या हातानं काढत होते, कारण मोजे घातले तर बोटांना कळत नाही असं आम्ही सगळेच म्हणायचो.

वडिलांना आकडा हवा असेल, तर माझा सांगते. पहिल्या वर्षी सगळं जाऊन महिन्याला सरासरी सात हजार सुटले, तिसऱ्या वर्षी अठरा. आज चांगल्या महिन्यात वर्ग-एकच्या पगाराहून थोडं जास्त, मे महिन्यात निम्मं. पेन्शन नाही, आणि उजवा खांदा दुखतो तो वेगळाच. त्यांना हे असंच दाखवा.

सुरुवात उन्हाळ्यात करू नका. जुलैत मोकळे होताय, तर नोंदणी आणि वर्षभराची उमेदवारी आटोपून पुढच्या श्रावणात, पोळ्याच्या पंधरा दिवस आधी बोर्ड लावा. म्हशी त्याच सुमाराला व्यायला लागतात, गोचीडतापाचे दिवस असतात, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुरणपोळ्या खाऊन पोट गच्च झालेले बैल दारात उभे असतात. खाण्याचा सोडा आणि सलाइन भरपूर आणून ठेवा. पहिला बैल आला की आधी नीट तपासा, आणि सुई काढायच्या आधी पावतीचा डावीकडचा रकाना भरा.